अनुदानापलीकडची मिळकत: पेडणे व डिचोलीतील सामाजिक उद्योगांचा आढावा

सामाजिक उद्योगाकडे पैसा दोन वाटांनी येतो. एक वाट अनुदानाची आणि देणगीची, दुसरी मालाच्या किंवा सेवेच्या विक्रीची. पहिली सरकारच्या अंदाजपत्रकावर आणि देणगीदाराच्या मर्जीवर अवलंबून असते, दुसरी गिऱ्हाइकावर. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली तालुक्यांत महिलांचे स्वयंसहाय्य गट, महिला मंडळे, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, कारागिरांचे गट आणि दिव्यांगांसाठी चालणाऱ्या कार्यशाळा असे लहान उद्योग विखुरलेले आहेत. भागधारकाला लाभांश देणे हा त्यांचा हेतू नसतो. गावातल्या माणसाला गावातच काम मिळावे, एवढ्यासाठी ते उभे राहिलेले असतात. त्यांतल्या बऱ्याच उद्योगांना माल करता येतो, मात्र तो वर्षभर विकता येत नाही. त्यांच्या अडचणींचे मूळ येथे आहे. त्यांना मिळणारी मदत मात्र अजूनही प्रामुख्याने माल कसा करावा याचीच असते.

हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले, तरी त्यांचा सोयरसंबंध, भाषा आणि बाजार सावंतवाडीशी जोडलेला राहिला. डिचोलीची गेल्या काही दशकांतली अर्थव्यवस्था लोहखनिजावर उभी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. त्या काही काळाने अंशतः सुरू झाल्या, पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यात उत्खनन पुन्हा बंद पडले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांचे हप्ते थकले, गॅरेज आणि खानावळी ओस पडल्या. घरातल्या बाईचा पापड-मसाल्याचा जोडधंदा अशा घरांत एकाएकी मुख्य मिळकत होऊन बसला. लिलावानंतर डिचोलीचा खाणपट्टा २०२४ मध्ये पुन्हा चालू झाला असला, तरी खाणीवर विसंबून राहण्यातला धोका लोकांना कळून चुकला आहे.

पेडण्याची गोष्ट निराळी आहे. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी या किनारपट्टीवर पर्यटनाचा पैसा खेळतो. आतल्या भागात मात्र काजू, भातशेती आणि नोकरीसाठी होणारी रोजची ये-जा. मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली. विमानतळाच्या उद्घाटनाच्या दिवशीच धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचेही उद्घाटन झाले. पठारावरची काजूची झाडे आणि गुरांची कुरणे ज्यांनी गमावली, त्यांच्या दारात आता मोठे गिऱ्हाईक आले आहे. या गिऱ्हाइकापर्यंत गटाचा माल पोचतो का, हा पेडण्यापुरता कळीचा प्रश्न आहे.

गटांकडे विकण्यासारखे काय आहे? काजूगर, आमसुले, कोकमाचे आगळ, फणसाचे आणि कुळथाचे पदार्थ, लोणची, मसाले, पापड, हरमलची मिरची, मानकुराद आंबा, नारळाचे तेल. डिचोलीत मातीकाम आणि पितळी समयांची जुनी परंपरा आहे. मये परिसरात चिकणमातीच्या गणेशमूर्ती होतात. यांतला जवळपास प्रत्येक माल हंगामी आहे. काजू फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत, कोकम एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याच्या बेगमीची म्हणजे पुरुमेंताची खरेदी मेअखेर, चवथीचा खप भाद्रपदात, पर्यटकांचा मोसम ऑक्टोबर ते मार्च. कच्चा माल स्वस्त असतो तेव्हा गिऱ्हाईक नसते आणि गिऱ्हाईक असते तेव्हा कच्चा माल संपलेला किंवा महागलेला असतो. मधले सहा महिने माल सांभाळायला जागा आणि पैसा दोन्ही लागतात. लहान गटाकडे दोन्ही नसल्याने तो मेमध्येच मिळेल त्या भावाने माल काढून मोकळा होतो. व्यापारी कमावतो तो या सहा महिन्यांच्या धीरावर.

विक्रीच्या जागांपैकी आठवड्याचा बाजार सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा आहे. डिचोलीचा बुधवारचा आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हे या पट्ट्यातल्या बायकांचे रोख उत्पन्नाचे ठिकाण. चवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची विक्री तेथेच होते. रानातली फळे, कंद आणि वेली आणून विकणाऱ्या बाईला त्या दोन-तीन दिवसांत मिळणारी रक्कम कोणत्याही योजनेच्या कागदावर दिसत नाही, पण ती निव्वळ विक्रीचीच मिळकत असते. शिरगावची लईराईची जत्रा आणि पेडण्याची पुनाव हेही मोठ्या खपाचे दिवस. त्या मानाने सरकारी प्रदर्शने आणि महोत्सव यांचा गवगवा अधिक आहे. पणजीच्या लोकोत्सवात स्टॉल मिळाला की दहा दिवस चांगली विक्री होते. अकराव्या दिवशी गिऱ्हाईक आपल्या गावी जाते आणि त्याचा फोन नंबरसुद्धा गटाकडे राहत नाही. प्रदर्शनातला खप हा सणाचा खप असतो. त्याच्यावर वर्षाचा हिशोब बसवता येत नाही.

पुन्हा पुन्हा घेणारे गिऱ्हाईक म्हणजे घाऊक किंवा संस्थात्मक गिऱ्हाईक. गोव्यात त्याचा सर्वांत ठळक अनुभव शाळांच्या माध्यान्ह आहाराचा आहे. राज्यात हे जेवण पुरवण्याचे काम बऱ्याच अंशी महिला मंडळे आणि स्वयंसहाय्य गट करतात. शाळा चालू असेपर्यंत रोजची ठरलेली मागणी, ठरलेले दर, जवळचे ठिकाण. लहान उद्योगाला यापेक्षा चांगले कंत्राट मिळणे कठीण. तरीही दर परवडत नाहीत आणि बिले महिनोन् महिने रखडतात, ही गटांची तक्रार वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत येत राहिली आहे. किराणा दुकानदार गटाला फार दिवस उधारीवर ठेवत नाही. त्यामुळे सरकारी बिल अडकले की बायका स्वतःचे दागिने गहाण ठेवून पाव आणि भाजी पुरवतात. विक्री वाढली आणि हातातली रोकड आटली, असे येथे घडते. एखाद्या गटाची उलाढाल किती, एवढेच पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हे कळत नाही.

दुसरे संस्थात्मक गिऱ्हाईक म्हणजे हॉटेल. पेडण्याच्या किनाऱ्यावरील हॉटेलांची भाजी बहुतांशी बेळगावहून येते. हॉटेलच्या स्वयंपाकघराला रोज सकाळी ठरावीक वेळी, ठरावीक वजनाचा, एकसारखा माल हवा असतो. 'आज मुळा आला नाही' हे कारण तेथे चालत नाही. एकटा गट हे पाळू शकत नाही. पाच-सहा गावांतल्या गटांनी मिळून एक गाडी, एक वजनकाटा आणि फोन उचलणारी एक व्यक्ती ठेवली, तर मात्र हे अशक्य नाही. हॉटेलाशी व्यवहार करताना एक कायदा गटाच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे. ती न करणे म्हणजे हे हत्यार घरी ठेवून बाजारात जाणे.

विमानतळाबाबत एक तपशील फारसा बोलला जात नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२२ मध्ये 'अवसर' योजना आणली. तीत विमानतळावरील जागा स्वयंसहाय्य गटांना पाळीपाळीने दिली जाते. पण ही योजना प्राधिकरण स्वतः चालवत असलेल्या विमानतळांसाठी आहे. दाबोळी त्यात बसतो. मोपाचा विमानतळ जीएमआर कंपनी चालवते. म्हणजे ज्या तालुक्याची जमीन गेली त्या तालुक्यातल्या गटाला आपल्या दारच्या विमानतळावर योजनेच्या हक्काने जागा मागता येत नाही, कंपनीशी करार करावा लागतो किंवा राज्य सरकारने तो करून द्यावा लागतो. रेल्वेची 'एक स्टेशन एक उत्पादन' योजनाही २०२२ मधलीच. पेडण्याला कोकण रेल्वेचे स्थानक आहे आणि डिचोलीकरांना थिवी जवळ आहे, त्यामुळे तिचा विचार या भागात व्हायला हवा.

सेवा विकणाऱ्या उद्योगाचे उत्तम उदाहरण तेरेखोल नदीच्या पलीकडे आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला स्वयंसहाय्य गटाने २०१७ च्या सुमारास कांदळवनाची सफर सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्गातील प्रकल्पाचे पाठबळ त्यांना होते. मच्छीमार घरांतल्या या बायका होडी वल्हवतात, कांदळवनाच्या जाती आणि पक्षी दाखवतात आणि त्याचे शुल्क घेतात. येथे नासणारा माल नाही, बाटली नाही, लेबल नाही. ओळखीची खाडी हेच भांडवल. त्याच जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंत परशुराम गंगावणे यांनी गोठ्याचे संग्रहालय केले आणि कळसूत्री बाहुल्या व चित्रकथी पाहायला लोक गावात येऊ लागले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल अशा दोन नद्या आहेत आणि मोरजीत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. डिचोलीत मयेचा तलाव आहे, हरवळ्याची लेणी आहेत. तरीही येथील पर्यटनाचा पैसा गटांच्या हाती फारच थोडा लागतो.

किमतीच्या हिशोबात होणारी चूक विक्रीच्या जागेइतकीच महाग पडते. समजा, एका गटाने कोकम सरबताच्या १०० बाटल्या केल्या. कोकम, साखर, बाटली आणि लेबल मिळून बाटलीमागे ७० रुपये खर्च आला. बाटली १०० रुपयांना विकली, तेव्हा गट ३० रुपये नफा झाला असे मानतो. या कामाला पाच बायकांचे दोन दिवस गेले असतील आणि दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली, तर मजुरी झाली ३००० रुपये, म्हणजे बाटलीमागे ३० रुपये. नफा शून्य. तीच बाटली दुकानात ठेवली आणि दुकानदाराने २० टक्के कापले, तर प्रत्येक बाटलीमागे २० रुपये खिशातून गेले. विक्री वाढेल तसा तोटा वाढेल. घरच्या बाईचे श्रम फुकट धरण्याची सवय कुटुंबातून गटात आली आहे, आणि प्रशिक्षणाच्या वर्गांत पापड लाटायला शिकवतात तितक्या आस्थेने हा हिशोब कोणी शिकवत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे पापड लाटले तिला लाटण्याचे प्रशिक्षण कशाला हवे, हेही एक कोडेच आहे.

परवान्यांची बाजू वाटते तितकी अवघड नाही. अन्नपदार्थ करणाऱ्या लहान उत्पादकाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरते. अडचण येते ती सरहद्दीमुळे. वस्तूंच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा गोव्यात वार्षिक ४० लाख रुपये आहे, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर ही मर्यादा उपयोगी पडत नाही. पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. काही हस्तकलांना यातून सूट आहे. पेडण्यातल्या गटाने लोणचे काणकोणला पाठवले तर तो राज्यांतर्गत व्यवहार, आणि नदीपलीकडच्या सातार्ड्याला किंवा दोडामार्गला दिले तर आंतरराज्य. ज्या बाजाराशी या तालुक्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे नाते आहे, तोच कागदोपत्री परका ठरतो. ऑनलाइन विक्रीबाबत १ ऑक्टोबर २०२३ पासून थोडी सवलत मिळाली आहे. नोंदणी नसलेला लहान विक्रेता आता ई-कॉमर्स कंपनीमार्फत आपल्याच राज्यात माल विकू शकतो.

भौगोलिक मानांकनांचा गोव्यात मोठा बोलबाला झाला. काजूच्या फेणीला २००९ मध्ये, हरमलच्या मिरचीला आणि खाज्याला २०२१ मध्ये, मानकुराद आंब्याला आणि गोव्याच्या काजूगराला २०२३ मध्ये मानांकन मिळाले. मानांकनाने नाव सुरक्षित होते. माल आपोआप विकला जात नाही. ते चिन्ह वापरायचे तर उत्पादकाने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि बाजारात येणारी बाहेरची मिरची 'हरमलची' म्हणून खपवणाऱ्याला कोणीतरी हटकावे लागते. हे काम एका गटाच्या आवाक्यातले नाही. पंचक्रोशीच्या शेतकऱ्यांची संघटना एकत्र पाकीटबंद विक्री करते, तेव्हाच मानांकनाचा भाव शेतकऱ्याच्या हाती पडतो.

भांडवलाचे चित्र कागदावर बरे दिसते. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज स्वयंसहाय्य गटाला २० लाख रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. २०२० मधील सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत यंत्रसामग्रीवर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांचे अनुदान आहे आणि गटाच्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजार रुपये बीजभांडवल आहे. यंत्रापेक्षा गटाला जास्त गरज असते ती खेळत्या भांडवलाची, म्हणजे मेमध्ये काजू भरून ठेवून डिसेंबरमध्ये विकण्यासाठी लागणाऱ्या पैशाची. अनुदान यंत्राला सहज मिळते, पोत्याला मिळत नाही. गट वाढून मोठे कर्ज घ्यायला गेला की जमिनीचा प्रश्न येतो. मये गावातील बरीचशी जमीन १९६१ नंतर निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेली. २०१४ मध्ये कायदा झाला तरी रहिवाशांचा मालकीचा प्रश्न रेंगाळत राहिला. पेडणे-डिचोलीत कुळांची आणि मुंडकारांची असंख्य प्रकरणे अशीच पडून आहेत. ज्याच्या नावावर घराची जागा नाही, त्याला शेडसाठी बँकेचे दार उघडत नाही.

भारतात 'सामाजिक उद्योग' हा स्वतंत्र कायदेशीर प्रकार नाही, त्यामुळे रूप निवडताना करांचा विचार करावा लागतो. न्यास किंवा सोसायटीच्या नावाने धंदा करणाऱ्या संस्थेचा हेतू 'सर्वसाधारण लोकोपयोगी' या सदरात पडत असेल, तर तिचे व्यापारी उत्पन्न एकूण मिळकतीच्या २० टक्क्यांच्या आत राहावे लागते. ते ओलांडले की त्या वर्षीची करसवलत जाते. शिक्षण, वैद्यकीय मदत आणि गरिबांना साहाय्य या हेतूंना ही मर्यादा लागत नाही. म्हणून विक्री वाढवू पाहणाऱ्या संस्थेने धंदा वेगळा काढून सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी नोंदवावी, हे बरे. गोव्याला २००१ पासून स्वतःचा सहकार कायदा आहे. उत्पादक कंपनीची तरतूद देशात २००२ पासून आहे. दहा-बारा बायकांच्या गटाला यांतले काहीच लागत नाही. रूप बदलण्याची घाई विक्री स्थिरावल्यावर करावी.

विक्रीवर उभ्या राहिलेल्या संस्थांचा जुना धडा मराठी वाचकाला परका नाही. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. त्यांनी पहिल्यापासून दोन गोष्टी पाळल्या: देणगी घ्यायची नाही आणि प्रत्येक पापड सारखा झाला पाहिजे. लाटण्याचे काम घरोघर, पण पीठ, तपासणी, पाकीट आणि विक्री केंद्राकडे, अशी ती रचना आहे. मुंबईच्या गिरणगावात १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारणाऱ्या प्रेमा पुरव मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यातल्या. खाणावळ चालवणाऱ्या बायकांना स्वयंपाक शिकवायची गरज नव्हती. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देणे, ही मदत पुरव यांनी केली. दोन्ही ठिकाणी बायकांची कला जशी होती तशीच राहू दिली. बदलला तो भोवतालचा व्यवहार.

मदत करणाऱ्या संस्थांची गोव्यात वाण नाही. १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या 'स्वयंपूर्ण गोवा' उपक्रमातून सरकारी अधिकारी 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून पंचायतींत जाऊ लागले. ग्रामीण जीविकोन्नती अभियान आहे, हस्तकला महामंडळ आहे, जुन्या गोव्यात कृषी संशोधन संस्था आहे. नवउद्योगांना जागा आणि सल्ला देणारी ठळक केंद्रे मात्र वेर्णा आणि फातोर्डा येथे, म्हणजे दक्षिण गोव्यात. साखळीजवळ गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. तेथील विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सामाजिक संस्थांबरोबर काम करतात. त्यांनी लघुप्रबंध लिहिण्याऐवजी दोन वर्षे पाच गटांची खातेवही सांभाळली, तर डिचोलीला त्याचा अधिक उपयोग होईल.

मदतीचा पैसा कशाला जोडावा, याबाबत ब्रिटनमधील एक पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. तेथील 'स्कूल फॉर सोशल आंत्रप्रनर्स' या संस्थेने 'मॅच ट्रेडिंग' नावाचे अनुदान सुरू केले. त्यात आधीच्या वर्षीची विक्री पाया धरतात आणि पुढील वर्षात विक्री जितकी वाढेल तितकेच अनुदान, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, मिळते. म्हणजे १ लाखाची विक्री दीड लाखावर गेली तर ५० हजार. यंत्र घेतले की नाही, प्रशिक्षणाला किती जणी बसल्या, हे कोणी विचारत नाही. यात धोकेही आहेत. विक्री फुगवून दाखवता येते, तोट्यात विकूनही आकडा वाढवता येतो, आणि ज्या कार्यशाळेत बौद्धिक दिव्यांग व्यक्ती काम करतात तिला हा निकष लावणे अन्यायाचे होईल. तरीही जिथे गट पाच-सात वर्षे जुना आहे आणि त्याला माल करता येतो, तिथे ही पद्धत आजच्या अनुदानांपेक्षा सरस आहे. तिच्यामुळे गटाला हिशोब लिहावा लागतो आणि गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडावे लागते.

ही पद्धत येथे आणायला नवा कायदा लागत नाही. स्वयंपूर्ण मित्रांच्या पंचायतवार अहवालात प्रत्येक गटाच्या वर्षभराच्या विक्रीचा एक रकाना वाढवला, तर पुढच्या वर्षीच्या अनुदानाला पाया मिळेल. पेडणे आणि डिचोलीच्या पंचायतींनी तो रकाना येत्या आर्थिक वर्षापासून भरायला घ्यावा.